सोडायचं, पण आधी मोजायचं: आगमनकाळात क्षमेची सुरुवात कशी करावी

नाताळ चार आठवड्यांवर आला की चर्चमध्ये पहिली मेणबत्ती पेटते आणि पश्चात्ताप, क्षमा, ‘परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा’ असे शब्द पुन्हा कानावर पडू लागतात. नव्यानं विश्वासात आलेल्या माणसाला, किंवा बऱ्याच वर्षांनी चर्चची पायरी चढणाऱ्याला, हे सगळं ऐकून बरं वाटतं. पण घरी परतताना प्रश्न उरतोच, की यात करायचं काय? समजा एका माणसाला क्षमा करायची असं मी ठरवलं, तर उद्या सकाळी उठून पहिलं काम कोणतं?

हा लेख त्या उद्या सकाळसाठी आहे. मी काही धर्मशास्त्री नाही. बरीच वर्षं हा काळ पाळते आहे, आणि क्षमेच्या वाटेवर कुठं पाय अडखळतो हे स्वतःच्या अनुभवानं थोडंफार शिकले आहे. एक गोष्ट मात्र मला पक्की कळली आहे. न मोजलेलं देणं सोडता येत नाही. पुढे जे काही लिहिलं आहे ते सारं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी दिवस समजून घ्या

आगमनकाळ नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो, म्हणून हा काळ दर वर्षी सारख्या लांबीचा नसतो. सर्वांत लहान असेल तेव्हा २२ दिवस, सर्वांत मोठा असेल तेव्हा २८. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत हा आठवड्यांचा हिशेब नाही. तिथं नाताळपूर्वीचा उपवास ४० दिवसांचा असतो.

नवख्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे पाश्चात्त्य परंपरेत उपासनेचं नवं वर्ष याच रविवारी सुरू होतं. जानेवारीची वाट न पाहता चर्चनं आपली वही इथंच नवी केलेली असते. त्यामुळे ‘नवी सुरुवात’ हे शब्द या काळाला कोणी बाहेरून चिकटवलेले नाहीत.

फादरांच्या वस्त्रांचा आणि वेदीवरच्या कापडाचा रंग जांभळा असतो, कारण हा तयारीचा काळ आहे. तिसऱ्या रविवारी तो बऱ्याच ठिकाणी गुलाबी होतो, कारण त्या दिवशी आनंदाचा सूर लागतो. कॅथलिकांच्या मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, आगमनकाळाच्या रविवारी ‘ग्लोरिया’ म्हणत नाहीत. देवदूतांचं ते गाणं नाताळच्या रात्रीपर्यंत राखून ठेवलेलं असतं. उपवासकाळाची, म्हणजे लेंटची, गंभीरता इथं नाही. हा उत्सुकतेचा काळ आहे आणि क्षमेचं काम याच उत्सुकतेत करायचं असतं. घरात कोणी येणार म्हटल्यावर आपण खोली आवरतो तशा मनानं.

‘क्षमा’ या शब्दाखाली काय आहे

नव्या करारात क्षमेसाठी जो ग्रीक शब्द वारंवार येतो त्याचा मूळ अर्थ सोडणं, जाऊ देणं असा आहे. कर्ज सोडण्यासाठीही तोच शब्द आहे. मराठी पवित्र शास्त्रानं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातल्या प्रभूच्या प्रार्थनेत हा अर्थ जपला आहे. तिथं आपण आपल्या ऋण्यांना ऋण सोडल्याचं म्हणतो आणि आपली ऋणं सोडण्याची विनंती करतो. ही प्रार्थना आपण इतकी पाठ करून बसलो आहोत की त्यातला हा सावकारी शब्द कानाला टोचायचाही थांबला आहे. या आगमनकाळात तो पुन्हा टोचू द्या.

ऋण सोडणं म्हणजे ऋण नव्हतंच असं म्हणणं नाही. मराठीत आपण हक्कावर पाणी सोडतो असं म्हणतो. हक्क खरा असतो म्हणूनच त्यावर पाणी सोडता येतं. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ ही म्हण मात्र मला क्षमेच्या कामात फारशी उपयोगी वाटत नाही. काय झालं, काय गेलं, हे न पाहताच ती सगळं प्रवाहात ढकलून देते आणि चार महिन्यांनी तेच काठाला परत लागतं. ‘काही नाही, चालायचंच’ हेही तसंच. चालण्यासारखं असतं तर क्षमेची गरजच पडली नसती.

पहिली पायरी: स्वतःच्या देण्यापासून

ज्यानं आपल्याला दुखावलं त्याच्यापासून सुरुवात करावीशी वाटते. तसं करू नका. पहिला आठवडा स्वतःसाठी ठेवा.

याचं कारण मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा, आणि मग एक गोष्ट सांगतो. एका राजाचा दास त्याला दहा हजार तालांत देणं लागतो. राजा ते सगळं सोडतो. तोच दास बाहेर येऊन आपल्याला शंभर दीनार देणं असलेल्या सोबतीचा गळा धरतो. दीनार म्हणजे एका मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. गुणाकार करून पाहा: दासाचं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं होतं. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं लागतील. ते फिटणारच नव्हतं.

मला या गोष्टीत दुसरी रक्कमही तितकीच महत्त्वाची वाटते. शंभर दीनार म्हणजे काही सुटे पैसे नव्हेत. ती तीन-चार महिन्यांची मजुरी आहे. येशूनं ‘सोबतीचं देणं अगदीच क्षुल्लक होतं’ असं दाखवलेलं नाही. तुम्हाला झालेली जखम खरी आहे, हे तो मान्य करतो. फक्त ती कशाच्या शेजारी ठेवून पाहायची ते सांगतो.

तर पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटं बसा. स्तोत्रसंहितेतलं ५१ वं स्तोत्र हळू वाचा. नाथान संदेष्ट्यानं तोंडावर दोष दाखवल्यावर दावीद राजानं केलेली ही प्रार्थना, असं त्याच्या मथळ्यातच लिहिलं आहे. मग स्वतःला विचारा: माझ्याकडून या वर्षी कोण दुखावलं? उत्तर मोघम नको. ‘मी कधी कधी रागावते’ याला काही अर्थ नाही. ‘अमक्या दिवशी मी आईशी असं बोलले’ याला आहे.

कॅथलिक असाल तर इथं प्रायश्चित्त संस्कार घ्या, ज्याला आपण बोलताना कन्फेशन म्हणतो. आगमनकाळात अनेक धर्मग्रामांत त्यासाठी खास वेळ ठेवलेली असते. बऱ्याच वर्षांत गेला नसाल तर भीती वाटते, ते समजण्यासारखं आहे. आत गेल्यावर पहिल्याच वाक्यात ‘खूप वर्षांनी आले आहे, पद्धत विसरले आहे’ असं सांगा. फादर पुढचं सांभाळून घेतात. मागचं कन्फेशन केव्हा झालं ते सांगायचं, आपली पापं साध्या शब्दांत सांगायची, फादर सांगतील ते प्रायश्चित्त स्वीकारायचं, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची आणि पापक्षमेचे शब्द ऐकायचे. तिथं ऐकलेलं फादर कोणालाही, कोणत्याही कारणानं सांगू शकत नाहीत. त्यांच्यावर तसं कडक बंधन आहे. एकच पथ्य पाळा: आपलंच पाप सांगा. नवऱ्याचं, सासूचं, शेजाऱ्याचं नको. आणि सांगताना ‘पण’ हा शब्द आला की थांबा, कारण ‘पण’नंतर बहुधा दुसऱ्याचं पाप सुरू होतं.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेतच सर्वांनी मिळून पापांची कबुली देण्याची प्रार्थना असते. तिथं ती घाईत म्हणू नका. हवं असेल तर पाळकांची वेळ मागून घ्या. ऐकायला समोर एक माणूस असला की कबुलीला वजन येतं.

दुसरी पायरी: एकच नाव

इथं फार लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्या जगाला क्षमा करायला निघू नका. एक माणूस निवडा. सर्वांत खोल घाव घालणाराच निवडायला हवा असं नाही. नवख्यानं मधल्या आकाराचं दुखणं घ्यावं: ज्याची आठवण झाली की जेवणाची चव जाते, पण ज्याचं नाव लिहिताना हात थरथरत नाही.

तिसरी पायरी: हिशेब लिहा

हीच पायरी लोक गाळतात आणि म्हणून त्यांची क्षमा टिकत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

एक कागद घ्या. वर त्या माणसाचं नाव लिहा. खाली तीन गोष्टी लिहा: काय घडलं, त्यामुळे माझं काय गेलं, आणि मी आजवर ते कसं वसूल करते आहे.

‘काय घडलं’ लिहिताना फक्त घटना लिहा, त्यामागचा हेतू नको. ‘त्यानं मला तुच्छ लेखलं’ हा आपला अर्थ झाला. ‘घरचा निर्णय झाला तेव्हा मला विचारलं नाही’ ही घटना. हा फरक करताना कधी कधी कागदावरचं देणं लहान होतं आणि क्वचित पूर्णच नाहीसं होतं. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात योसेफाची हकिकत वाचा. मरीया गरोदर आहे हे कळल्यावर आपला विश्वासघात झाला असंच त्याला वाटलं असणार. तो नीतिमान होता, तिची बेअब्रू होऊ नये म्हणून गुपचूप वेगळं व्हायचं त्यानं मनाशी ठरवलं. आणि मग कळलं की मरीयेचा काही अपराधच नव्हता. ज्याला क्षमा करायला आपण बसलो आहोत त्यानं खरोखर काही केलं आहे का, हे तपासण्याची नम्रता योसेफाकडून शिकावी. निदान चारचौघांत बोलण्याआधी त्यानं एक रात्र जाऊ दिली.

‘माझं काय गेलं’ हा रकाना मनाला जड जातो. पैसे गेले असतील तर रक्कम लिहा. वर्षं गेली असतील तर किती ते लिहा. विश्वास गेला, झोप गेली, आईबरोबरचा शेवटचा नाताळ गेला, जे असेल ते. रडू आलं तर येऊ द्या. इथं खोटा मोठेपणा दाखवून रक्कम कमी लिहू नका. दहाचं देणं पाच म्हणून सोडलं तर उरलेले पाच आपण पुढची वीस वर्षं व्याजासकट मागत राहतो.

पवित्र शास्त्रही देणं लपवत नाही. १७ डिसेंबरला कॅथलिक मिस्सेत मत्तयानं दिलेली येशूची वंशावळ वाचतात. नावांची ती लांबलचक यादी ऐकताना माणसं पेंगतात. यंदा कान देऊन ऐका. सुनेचा हक्क नाकारणारा यहूदा आणि ती सून तामार तिथं आहेत. वेश्या राहाब आहे. आणि दावीदाचं नाव आलं की मत्तय बथशेबाला तिच्या नावानं न ओळखवता उरीयाची बायको म्हणतो. दावीदानं ज्याची बायको घेतली आणि ज्याला लढाईत पुढे उभं करून मारवलं, त्या उरीयाचं नाव तारणाऱ्याच्या वंशावळीत कायमचं लिहून ठेवलं आहे. दावीदाला देवानं क्षमा केली, पण उरीयाला इतिहासातून पुसलं नाही. ‘क्षमा केली म्हणजे आता त्या गोष्टीचं नावही काढायचं नाही’ असं कोणी तुम्हाला दटावलं, तर त्याला मत्तयाचं पहिलं पान दाखवा.

तिसरा रकाना वसुलीचा. मनातली अढी कधी नुसती बसून राहत नाही, ती रोज थोडी थोडी वसुली करत असते. त्याच्याबद्दल नातेवाइकांत बोलताना आवाजात येणारी धार ही वसुली आहे. त्याचा फोन मुद्दाम तिसऱ्या वेळी उचलणं ही वसुली आहे. त्याच्या मुलाला कमी गुण पडल्याचं कळल्यावर आत कुठंतरी गार वाटलं, तीही वसुलीच. या सगळ्या वाटा एकेक करून लिहा, कारण पुढच्या पायरीत पाणी यांच्यावरच सोडायचं आहे.

चौथी पायरी: पाणी सोडा

कागद हातात घेऊन, शक्यतो मोठ्यानं, प्रार्थना करा. शब्द साधे असू द्यात. मी असं म्हणते: ‘प्रभू, याच्याकडून माझं हे येणं आहे. ते खरं आहे. आजपासून ते वसूल करण्याचा माझा हक्क मी तुझ्या हाती देते. याच्याबद्दल मी टोमणा मारणार नाही. याचं वाईट झाल्यावर सुखावणार नाही. मला आज एवढंच जमतं.’

एवढं म्हटल्यावर मन हलकं होईलच असं नाही. बहुतेकदा होत नाही. क्षमा हा निर्णय आहे आणि भावना मागाहून, आपल्या चालीनं येतात. दुसऱ्या दिवशी तोच राग ताजा होऊन उभा राहिला तर आपली क्षमा खोटी होती असं समजू नका. कागद काढा आणि पुन्हा म्हणा. साताच्या सत्तर वेळा म्हणजे दर वेळी नवाच अपराध असायला हवा असं मला वाटत नाही. एकच अपराध चारशे नव्वद वेळा आठवतो आणि प्रत्येक आठवणीला तो नव्यानं सोडावा लागतो.

म्हणून हे रोजच्या एखाद्या खुणेला जोडून घ्या. आगमनकाळाचं चक्र, म्हणजे मेणबत्त्या लावलेलं गोल कडं, आज चार मेणबत्त्यांचं असतं. पण १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिश विखर्न या पाळकानं अनाथ-गरीब मुलांच्या आश्रमात पहिलं चक्र टांगलं तेव्हा त्यात रविवारच्या चार मोठ्या मेणबत्त्या होत्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लहान वेगळ्या. रोज एक पेटायची. क्षमेच्या कामाला ही जुनी पद्धत जास्त जुळते. घरात चक्र नसेल तरी चालेल, रोज ठरलेल्या वेळी एक मेणबत्ती लावा आणि ती प्रार्थना म्हणा.

पाचवी पायरी: त्या माणसाला सांगायचं का?

इथं मी स्वतः चुकले, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

थोरल्या भावाशी माझा चार वर्षं अबोला होता. एका आगमनकाळात मी ठरवलं की आता पुरे, आणि त्याला पत्र लिहिलं. दोन पानं. ‘मी तुला मनापासून माफ करते’ असं शेवटी लिहिलं होतं आणि त्याआधी काय काय माफ करते याची पूर्ण यादी. पाठवण्याआधी आमच्या प्रार्थनागटातल्या एका आजींना ते दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, “बाळा, हे बिल आहे. पावती नाही.”

मी पत्र ठेवून दिलं. आठवडाभरानं त्याला फोन केला आणि त्याच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते विचारलं. त्यानं सांगितलं. दहा मिनिटं आम्ही गुडघ्याबद्दल बोललो. त्या जुन्या गोष्टीचा विषय त्यानं आजवर काढलेला नाही, चूक मान्य केलेली नाही, आणि मला कधी कधी अजूनही वाटतं की त्यानं करावी. पण आता दर रविवारी आमचं बोलणं होतं.

तर नियम असा धरा. समोरच्यानं माफी मागितली असेल तर क्षमेचे शब्द स्पष्ट उच्चारा. ‘अरे त्यात काय’ म्हणून उडवून लावू नका, कारण त्याला ते शब्द ऐकायचे असतात. त्यानं मागितलेली नसेल तर ‘मी तुला माफ केलं’ हे वाक्य त्याच्या कानाला आरोपासारखं लागतं. तेव्हा जाहीर करू नका. एखादी साधी, रोजची गोष्ट पुन्हा सुरू करा: चौकशी, निमंत्रण, वाढदिवसाचा फोन. आणि ती गोष्ट त्याच्यापाशी काढणं गरजेचंच असेल, म्हणजे तेच पुन्हा घडत असेल, तर समोरासमोर आणि एकट्यानं बोला. भावानं अपराध केला तर त्याला दोष दाखव आणि त्यानं पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर, असं लूकच्या सतराव्या अध्यायात येशूच सांगतो. दोष दाखवणं आणि क्षमा करणं एकाच श्वासात आलं आहे.

माफी तुम्हालाच मागायची असेल तर

पहिल्या आठवड्याच्या यादीतून हे निघणारच. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध नव्हे, त्याच्या मनात माझ्याविरुद्ध. जाण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे.

माफी मागताना काय केलं ते नाव घेऊन सांगा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे, त्यात दोष समोरच्याच्या वाटण्यावर ढकललेला असतो. भरपाई करता येत असेल तर ती सोबत घेऊन जा. येशूला पाहायला झाडावर चढलेला जकातदार जक्कय नुसता खाली उतरला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत, असं त्यानं उभं राहून सांगितलं. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याचा आवाज आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी दर वर्षी ऐकू येतो, ‘पश्चात्तापास योग्य असे फळ द्या’ म्हणतो ते हेच. आणि माफी मागितल्यावर ती मिळालीच पाहिजे असा हट्ट धरू नका. समोरच्यालाही त्याचा कागद लिहायला वेळ लागतो.

इथं मात्र थांबा

मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांना धोका, चालू असलेली फसवणूक, असं काही असेल तर वरच्या पायऱ्यांआधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या, तक्रार करा, जाणत्यांची मदत घ्या. क्षमा म्हणजे त्या घरात परत जाणं नव्हे. समेटाला दोन माणसं लागतात आणि त्यातल्या एकानं बदलावं लागतं. ‘तू ख्रिस्ती आहेस ना, मग सोडून दे’ असं सांगून पीडित माणसाला गप्प बसवणारे लोक चर्चच्या बाकावर शेजारी बसलेले असतात, याचं मला फार दुःख होतं. तसं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

क्षमा आणि शिक्षा एकत्र राहू शकतात. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर मेहमेत अली आग्जा यानं गोळ्या झाडल्या. पोपनी काही दिवसांतच त्याला क्षमा केल्याचं जाहीर केलं. १९८३ च्या नाताळच्या आठवड्यात, २७ डिसेंबरला, ते रोममधल्या तुरुंगात जाऊन त्याच्या कोठडीत त्याच्याजवळ बसून बोलले. आग्जा त्यानंतरही तुरुंगातच राहिला. इटलीतली त्याची कैद २००० साली संपली.

मोठ्या घावांसाठी घाईची तारीख ठेवू नका. इंग्लंडमधलं कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळालं. आगमनकाळ सुरू व्हायला तेव्हा जेमतेम अडीच आठवडे होते. तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी त्या नाताळला त्याच अवशेषांतून रेडिओवर बोलताना सूडाचा विचार मनातून काढण्याची आणि युद्ध संपल्यावर बाळ येशूला शोभेल असं जग उभारण्याची भाषा केली. पुढे वेदीमागच्या भिंतीवर त्यांनी एवढेच शब्द कोरून घेतले: ‘बापा, क्षमा कर’. वधस्तंभावरून येशूनं ‘ह्यांना क्षमा कर’ म्हटलं होतं. हॉवर्ड यांनी ‘ह्यांना’ मुद्दाम ठेवलं नाही. ज्यांचं चर्च जळालं तेही त्या क्षमेच्या रांगेत उभे होते. मनापासून सांगते, ते शब्द म्हणायला मला जमलं असतं की नाही ठाऊक नाही. तुम्हालाही या वर्षी जमलं नाही तर ‘प्रभू, क्षमा करण्याची इच्छा तरी दे’ एवढी प्रार्थना पुरे. तीही सुरुवातच आहे.

२४ डिसेंबरला

त्या दिवशी सकाळच्या मिस्सेत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे वडील जखऱ्या यांचं गीत वाचतात. मुलाच्या जन्माची बातमी खरी न मानल्यामुळे तो महिनोन्‌महिने मुका झाला होता. जीभ सुटल्यावर तो देवाची स्तुती करतो, आणि तान्ह्या योहानाकडे पाहून म्हणतो की तू प्रभूच्या पुढे चालशील, त्याच्या लोकांना पापांच्या क्षमेनं मिळणाऱ्या तारणाचं ज्ञान देशील. मिस्सेला जाता आलं नाही तर घरीच लूकचा पहिला अध्याय उघडून ६७ ते ७९ या ओव्या वाचा.

मग तो कागद काढा. सगळं सोडून झालं असेल तर मेणबत्तीवर धरून जाळा. काही उरलं असेल तर जाळू नका. सुटलेल्या ओळींवर रेघ मारा, उरलेल्या तशाच राहू द्या, आणि कागद पवित्र शास्त्रात मत्तयाच्या पहिल्या पानापाशी ठेवा. रात्रीच्या मिस्सेला जा, शांतीचा संदेश देताना शेजारच्याचा हात धरताना त्या माणसाचं नाव मनात घ्या. नाताळचा काळ त्यानंतर जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. उरलेल्या ओळी त्या दिवसांत पुन्हा हाती घ्या.